बाराव्या दिवसानंतर

माझं काम बी उगवतं का ते बघण्याचं.
ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर-शंभर दाणे.
कापसाची चौथ्या दिवशी पहिली मोजणी,
बाराव्या दिवशी शेवटची.
मग टक्केवारी, सही, शिक्का,
आणि ट्रक जालन्याबाहेर.

म्हणून पहिल्याच दिवशी रणपिसे बाईंना विचारलं,
ही दोन पानं किती दिवसांत बसतील?
बाईंनी चष्मा पुसला, मग पियानो पुसला.
मिशनच्या त्या हॉलमध्ये धूळ दुपारी पुन्हा येते,
कारखान्यांकडून, काळपट, बारीक.
म्हणाल्या, "डावा हात आधी."

हे काही उत्तर नव्हतं.

बेचाळीस वर्षं या हातानं
क्लच दाबला, छत्री धरली,
उजव्याला काय लागेल ते दिलं.
अंगठीचं बोट तर
मधल्याला विचारल्याशिवाय उठेचना.

घरी पियानो नाही. ओट्यावर सराव.
बायको म्हणाली, ओटा वाजवायलात का पुसायलात?
पुसणारच असाल तर तो कोपरा राहिला.

नळाला पाणी दहा दिवसांनी.
मी पाण्यावर मोजू लागलो.
पहिल्या पाण्याला एक ओळ,
दुसऱ्या पाण्याला दीड,
तिसऱ्याला पहिलीच विसरलो.

माझ्यानंतरचा तास बुशराचा. वय अकरा.
पाय अजून पेडलला पोचत नाहीत.
तिनं हीच पानं नऊ दिवसांत संपवली
आणि दप्तरातून पेरू काढला.
मी टाळ्या वाजवल्या,
दोन्ही हातांनी, एकदम.
तेवढं जमतं.

"कामून पळायलास?" बाई म्हणाल्या.
"मला ही यायला दोन वर्षं लागली."
आणि मग?
"मग आवडेनाशी झाली."
खिडकी लावून घेतली त्यांनी.
"आता पुन्हा आवडायलीत. वाजव, दुसरी ओळ."

आमच्या तक्त्यात एक रकाना असतो : कडक बी.
बाराव्या दिवशीही दाणा टणक, जसाच्या तसा.
उगवला नाही, कुजलाही नाही.
पाणी आत शिरलेलं नाही, एवढंच.
त्याला मेलेलं लिहायचं नाही, असा नियम आहे.
वीस वर्षं हा रकाना भरतोय मी,
कधी दोन, कधी तीन,
बहुतेक वेळा शून्य,
आणि पुढच्या गुंडाळीकडे वळतोय.

काल सातवं पाणी.
पहाटे साडेतीनला नळाखाली कळशी लावून
पायरीवर बसलो, अर्धा झोपेत.
डावा हात मांडीवर चालू लागला,
दुसऱ्या पानावर,
जिथं नेहमी अडतो तिथं आला
आणि थांबला नाही.
मी त्याच्याकडे बघितलं नाही.
बघितलं की लाजतो, हे आता कळतं.

कळशी भरून वाहायला लागली.
शेजारच्या खरातांनी गॅलरीतून हटकलं,
अहो, पाणी.

हो, म्हटलं. दुसरी लावतो.