एका बाराची

परवाना आला तेव्हा मसाजीकाका म्हणाला,
आधी वाळू दे त्याला, शाई ओली दिसायलीय.
कागदावर लिहिलं होतं: पीकसंरक्षणार्थ,
एकनळी, ठासणीची.
माझं नाव इरबाचं इराबा झालं होतं.
चालतंय की, काका म्हणाला,
डुक्कर काय वाचून बघतंय होय?

किनवटहून नांदेडला यष्टीनं.
मांडीवर भाकरीचं फडकं,
बंडीच्या आतल्या खिशात तीनशे चाळीस रुपये,
त्यात दोन करडं आणि एक जुनी सायकल.
बाहत्तरच्या आधीची गोष्ट आहे,
तेव्हा पैसा मोजायला वेळ लागायचा.

इतवाऱ्यात जहूर उस्तादांचं दुकान.
भिंतीला सहा बंदुका,
खाली पाट्यावर चहाची बशी, बशीत स्क्रू.

पहिली मी उचलली ती चांदीच्या वेलबुट्टीची.
उस्ताद हसले नाहीत.
"ये दूल्हे की है," म्हणाले, "जंगल में नक्को."
दुसरी माझ्याहून वीतभर उंच;
ती खांद्याला येईस्तोवर
डुक्कर दोन शेतं ओलांडून पाणी पिऊन परत आलं असतं.
तिसरी मनात भरली.
काकानं तिच्या तोंडात करंगळी घातली,
लाल होऊन बाहेर आली.
"पान खाल्लंय हिनं," काका म्हणाला, आणि बोट धोतराला पुसलं.

"दोन नळ्यांची नाही मिळायची?" मी विचारलं.
परवान्यात बसत नाही हे मला ठाऊक होतं,
तरी विचारलं.
"दो हुए तो," उस्ताद स्क्रू शोधता शोधता म्हणाले,
"आदमी पहली को हलका समझता."

चौथी कोपऱ्यात होती.
शिसवीचा दस्ता, मनगटापाशी तडा,
तड्यावर पितळी तार गुंडाळलेली,
जशी आई फुटक्या रवीला बांधायची.
उस्तादांनी आधी गज आत सोडला.
टण्ण.
"खाली है. ये पहले. हर बार. मरे तक."
मग म्हणाले, डोळे मीट. उचल. गालाला लाव.
आता उघड.

माशी थेट समोरच्या घड्याळातल्या सहावर बसलेली.
मी काहीच केलं नव्हतं.
पुन्हा केलं. पुन्हा सहा.

मग घोडा ओढून ठेवला, आणि मला म्हणाले, फुंक.
नळीला तोंड लावून फुंकलं,
तेलाचा, गंधकाचा, दुसऱ्या कुणाच्या तरी हिवाळ्याचा वास आला.
उस्तादांनी बंदुकीच्या कानाशी बोट धरलं होतं.
"हौ," म्हणाले. "आती है."
माझाच श्वास, चार हात लांब, त्यांच्या बोटावर.

पावणेचारशे सांगितले, तीनशे दहा घेतले.
उरल्यात दारू, टोप्यांची एक डबी,
आणि काकासाठी विड्याचं बंडल.
शिसं घरी वितळव, म्हणाले,
बायकोच्या कढईत नक्को.

पौषात शाळू हुरड्याला आला.
माळ्यावर मी आणि काका, एक घोंगडी दोघांत.
बांबूच्या मापानं दारू, चिंधी, गोळी,
गज उसळून हातात परत येईस्तोवर ठासलं;
उसळला की बसली समज, हे काकाचं.
टोपी मात्र शेवटी,
थंडीनं बोटं आपली नव्हती, दोन खाली पडल्या.

ताटं हलली ती वाऱ्यानं नव्हे.
आधी मुस्काट, मग ती काळी पाठ,
चांदण्यात ओल्या दगडासारखी.
डोळे मिटले. उचलली. उघडले.

बार झाला
आणि मधे धूर उभा राहिला, पांढरा, भिंतीसारखा,
रानभर गंधक.
पलीकडं काय पडलं, काय पळालं,
काहीच दिसेना.
पितळी तार गालाला लागून चरचरत होती.
आमच्या वस्तीवरली कुत्री उठली, मग पलीकडच्या तांड्यावरची.

"लागली का?" काका.

धूर जाऊ दे की, मी म्हणालो,
आणि हात आपसूक दारूच्या शिंगाकडं गेला.