तेरावा रकाना

अर्जात तेरावा रकाना: नोकरी संपण्याचं कारण.
पुढं तीन चौकोन.
स्वतः सोडली. गैरवर्तनावरून काढलं. कारखाना बंद पडला.
पेनाचं टोपण दातात धरून
सव्वादहापासून बाकावर बसलो होतो.

कोणी विचारलं की मी म्हणतो, सुटली.
आमच्याकडं असंच म्हणतात.
वारं सुटतं, शाळा सुटते,
बैलाचं दावं सुटतं रात्रीतून.
कोणी सोडलं ते सांगावं लागत नाही.
त्याला चौकोन नव्हता.

अकरा वर्षं वजनकाट्यावर होतो, जालन्याच्या एमआयडीसीत.
भंगाराची गाडी काट्यावर चढली
की केबिनचा पत्रा पायाखाली थरथरायचा,
लाल आकडे पळायचे, पळायचे, मग थांबायचे.
थांबले की लिहायचं.
थांबायच्या आधी लिहायचं नाही.
सगळी नोकरी एवढीच.

एका मंगळवारी सोनटक्के साहेब म्हणाले,
या गाडीला चारशे किलो कमी दाखव.
मी म्हणलं, तशी चिठ्ठी द्या.
आवाजसुद्धा चढवला नाही.
बुधवारी गेटवरच्या मशीननं माझा अंगठा घेतला नाही.
पँटीला पुसला, थुंकी लावली, डावा लावून बघितला.
वॉचमन नवा होता. म्हणाला,
मशीनच नाही म्हणतंय काका, मी काय करू?

दहा दिवस गेलो. डबा घेऊन गेलो,
कारण डबा नाही नेला तर घरी सांगावं लागलं असतं.
गेटसमोर शमीमआपाच्या टपरीवर बसून
आत काट्यावर चढणाऱ्या गाड्या
नुसत्या आवाजावरून तोलायचो.
बारा टन. नाही, साडेबारा.

अकराव्या दिवशी रजिस्टर पत्र आलं.
'सलग दहा दिवस विनापरवाना गैरहजर.
सबब आपण स्वेच्छेने नोकरी सोडली
असे समजण्यात येत आहे.'
पोरगी आठवीला आहे. तिनं लगेच संधी सोडवली:
स्व अधिक इच्छा.
मी म्हणलं, बरोबर.

गाढे उत्तरेश्वर केरबा!
खिडकीतल्या मॅडम वाईट नव्हत्या.
तुम्ही सोडली असेल तर भत्ता बसत नाही, म्हणाल्या.
त्यांनी काढलं असेल तर का काढलं ते बघावं लागेल.
तुम्ही गेटवर होता, पुरावा काय?
आता मशीन काय सांगणार,
त्यानं तर अंगठाच घेतला नाही.
कॅमेरा आहे, तो त्यांचाच.

पिशवीतून आपाची उधारीची वही काढली.
तेलकट, सुतळीनं बांधलेली,
तारखा मराठीत, नावं उर्दूत.
मॅडमनी शिपायाला हाक मारली.
इलियासभाई चष्मा कपाळावर सारून वाचायला लागले:
काटेवाला, चहा एक.
काटेवाला, चहा एक, खारी दोन.
काटेवाला, चहा एक.

कंपनीच्या कागदावर मी कोणी नव्हतो तेव्हा
या वहीत काटेवाला होतो, रोज, सकाळी आठला.

मॅडमनी बोटानं मोजलं. या नऊच होतात.
सोमवार नाही यात.
सोमवारी चहा आपानं तिच्याकडून पाजला होता.
म्हणाली होती, आज राहू दे भाऊ, तोंड बघ तुझं.
फुकटाची नोंद कोण ठेवतं?
हे मी मॅडमना सांगितलं.
त्यांनी ऐकलं. लिहिलं नाही.

झेरॉक्स आणा, दोन प्रती.
तेरावा रकाना कोरा राहू द्या, चौकशी होईल.
कधी होईल ते विचारायचं धाडस झालं नाही,
आणि मागच्या माणसानं कोपर पुढं केलं होतं.

झेरॉक्समध्ये कपाची गोल खूण
अक्षरांपेक्षा ठळक आली.

वही परत द्यायला गेलो. आपानं न विचारता
ग्लास पुढं सरकवला, पैसे नको म्हणाली.
मी म्हणलं, नाही आपा.
लिहा.
तारीख नीट टाका.