पाऊणकी

दर हजार गळांमागे पाऊण पक्षी.
असं लिहिलं होतं ग्रासिआना एचेवेरीनं,
माते सांडून तपकिरी झालेल्या कागदावर,
आणि मोंतेव्हिदेओत, तिसऱ्या मजल्यावर,
तिचे ओले तक्ते टंकणारा मी
क्षणभर थांबलो.

पाऊण अल्बट्रॉस कसा दिसतो?
कुठला पाव भाग सुटला त्याचा?
चोच, की साडेतीन हातांचा एक अख्खा पंख?

मग शाळेतला पाढा आपोआप ओठांवर आला:
एक पाऊण पाऊण,
दोन पाऊण दीड,
तीन पाऊण सव्वादोन,
चार पाऊण तीन.
चार हजार गळ, तीन पक्षी. सगळेच्या सगळे.
आणि तिकडे बेटावर अंड्यावर बसलेले,
पाळी बदलायची वाट पाहणारे तिघे,
ते कुठल्याच पाढ्यात नाहीत.

नावेवर तिला 'सरकारी घुबड' म्हणत.
दोर ओढताना ती कठड्याशी उभी,
मुठीत मोजणीयंत्र, नाकाला खारं पाणी.
माखळीच्या तुकड्यासाठी झेपावलेला,
गळासोबत बुडालेला,
सकाळी मासळीबरोबर वर आलेला:
टिक.
चौसष्ट हजार गळ, अठ्ठेचाळीस वेळा टिक.
वाटेत गळावरून निसटून तळाशी गेले
ते समुद्रानं ठेवून घेतले.
म्हणून तिनं खाली बारीक अक्षरांत लिहिलं,
'हा आकडा कमीत कमी समजावा.'

मंत्रालयाच्या बैठकीत कोणीतरी फोटो आणला होता.
तो हातोहात फिरला,
बिस्किटांच्या बशीपाशी उपडा पडून राहिला.
मग मी आकडा वाचला, आणि तो कुठून कुठपर्यंत असू शकतो तेही,
आणि एका जाड्या गृहस्थानं पहिल्यांदाच पेन उघडलं.
दुसऱ्या हंगामाआधी नियम निघाला:
दोर रात्री टाका, गळाला शिसं बांधा,
नावेच्या मागे लाल पट्ट्यांची तोरणं सोडा.

कप्तान एलादियो म्हणाला, आता लग्नाची वरात काढा.
पण तोरणं बांधली.

यंदाचा कागद परवा आला.
ऐंशी हजार गळ, वीस पक्षी.
पाव!
मी खुर्चीतून उठलो, खिडकी उघडली,
खालून बस गेली, परत बसलो.

तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात दिसलं
चिकटपट्टीनं डकवलेलं धातूचं वाळं,
त्यावर खोदलेला क्रमांक,
आणि तिचं आडवंतिडवं अक्षर:

'पहाटे चार. मी झोपले होते.
एलादियोनं दार ठोठावलं,
हातात पक्षी, दोन्ही पंख जमिनीवर लोळत.
म्हणाला, लिही.
मी म्हटलं, मोजता येणार नाही,
माझ्या पाहणीच्या वेळेबाहेरचा आहे.
मी नव्हते तेव्हाचे सगळे मला ठाऊक नाहीत,
मग हा एकटा कसा धरू?
तो म्हणाला, म्हणजे हा मेलाच नाही?
मी काही बोलले नाही.
त्यानंच चाकूनं वाळं काढलं.'

तिचं बरोबर होतं.
एकविसावा धरला तर हिशेब खोटा होतो,
आणि मग जाड्या गृहस्थापुढे
पावही टिकत नाही, पाऊणही टिकत नाही.
मी वीस टंकले.

माझ्या तक्त्यात शेऱ्याला जागाच नव्हती.
वाळ्याचा क्रमांक एका पोस्टकार्डावर उतरवून
पक्ष्यांच्या पायांत वाळी घालणाऱ्या
दूरच्या कचेरीला पाठवला.
काल उत्तर आलं, चार ओळींचं:
मादी. पिलू असताना नोंद.
वय एकतीस.
कळवल्याबद्दल आभार.

एलादियो बंदरात जाळी शिवत होता.
त्याला कागद वाचून दाखवला.
त्यानं सुई थांबवली नाही,
फक्त विचारलं, एकतीस?
पुन्हा विचारलं, एकतीस?
आणि एक गाठ चुकली, ती उसवायला घेतली.