पाचवी बॅच

लोण्याचा वास आला तेव्हा कळलं,
यीस्टला अजून दोन दिवस द्यायला हवे होते.
हिरव्या सफरचंदाचा आला, ती घाई माझीच.
भिजल्या पुठ्ठ्याची चव
बाटलीत हवा शिरल्याची,
तीही एकदा गिळली, मुकाट.

पण या खेपेला भलतंच काही.
शेफिल्डच्या एप्रिलातही गारठलेलं तळघर,
भांडी तीनदा उकळून झाली,
नळी बदलून झाली,
तरी तेच.

नाइट करून आलेल्या मृण्मयीने
कोट न काढताच ग्लास नाकाशी नेला.
"हा तर माझा वॉर्ड," म्हणाली,
"चौदा नंबरची पट्टी बदलताना येतो तो."
आणि झोपायला गेली.

शेजारचे ग्लिन ऑलरनशॉ
घोट तोंडात घोळवत
खिडकीबाहेर बघत राहिले.
मग बादली, मॉल्टची पिशवी, सगळं सोडून
थेट नळाशी.
तोटीवर बोट ठेवून म्हणाले,
"क्लोरीन. तीस वर्षं मीच टाकत होतो,
पाणी खात्यात.
चूक म्हणशील तर माझी."
हे सांगताना जरा खूशच दिसले.

अर्धी गोळी, एवढंच.
आदल्या रात्री पाण्यात अर्धी गोळी चुरायची.

सहावी बॅच चांगली झाली.
तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पाचवीच्या उरलेल्या एकवीस बाटल्या
त्यांच्याच वाफ्यात रिकाम्या केल्या,
लीकच्या रोपांमध्ये पुरलेल्या दह्याच्या डब्यांत.
सकाळी बिनशंखाच्या गोगलगाई त्यात तरंगत होत्या,
टम्म.
चवीबद्दल एकीचीही तक्रार नाही.