साडेसव्वीसचे बूट

आधी ते पांढरे बूट काढ, चिहारु.
सेंदाईच्या फुटपाथवर शोभतील ते.
एप्रिल लागला म्हणजे वसंत आला
असं कॅलेंडर छापणाऱ्याला वाटतं.
डोंगराला अजून कुणी कळवलेलं नाही.

सकाळी बर्फ टणक असतो, माणूस पेलतो.
दहानंतर तोच कधी दगा देईल, नेम नाही.
एक पाय गुडघ्यापर्यंत आत
आणि खाली ओढा,
खिदळत, तुझ्या मोज्यांची वाट बघत.
म्हणून सुती मोजे नकोत.
सुती कापड भिजलं की चिवट पाहुण्यासारखं,
बसतं ते उठत नाही.
लोकरीचे घे. त्या टोपलीत, बटाट्यांच्या मागे.
बोटांशी रफू आहे, टोचणार नाही,
मीच केलंय.

अंगात पातळ तीन घाल, जाड एक नको.
चढताना एकेक काढायचं,
थांबलीस की लगेच पुन्हा चढवायचं.
माणूस चढताना आजारी पडत नाही,
घाम गार होताना पडतो.
हे तुझ्या काकांनी चाळीस वर्षं सगळ्या गावाला सांगितलं
आणि स्वतः ओल्या पाठीने
खडकावर बसून सिगरेट ओढली.

जाकीट लाल घे.
हिरवं जास्त छान आहे, मान्य.
पण हिरवं कोवळ्या पाल्यात विरघळून जातं.
हरवलेल्या माणसाने सुंदर दिसायची गरज नसते,
नुसतं दिसायची असते.

घंटा कमरेला. अस्वलं भुकेली उठलीत.
आवाज ऐकला की बाजूला होतात.
सहसा.

तुझ्यासाठी इवाओच्या सुनेचे बूट मागून आणलेत,
चोवीसचे. घालून बघ.
बोटं हलव. टाचेमागे एक बोट जातं?
मग झालं.

माझे? ते काय, दाराशी.
हसू नकोस.
साडेसव्वीसचे आहेत आणि माझं पाऊल बावीसचं,
मला ठाऊक आहे.
दोन जोड मोजे, पुढे वर्तमानपत्राचा बोळा.
माझे शरदातच फाटले.
गेले होते दुकानात. त्याने तीन जोड काढले,
एक जांभळ्या फुलांचा.
घालून फळीपर्यंत चालले, छान होता.
पाकीट उघडलं. मिटलं.
घरी हे उभेच होते ना,
तळाचे खिळे शाबूत,
नडगीवर त्यांनीच चिकटवलेलं
सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.
चांगले बूट कोण टाकतं?

सोयीचे नाहीत, खोटं कशाला बोलू.
उतारावर टाच उचलली जाते, फोड येतो.
तुला मापाचं शिकवते आणि मी अशी.

गेल्या आठवड्यात एकटी गेले, पहिल्यांदाच,
फुकीच्या कळ्या खुडायला,
ओढ्याकाठी, जिथे बर्फ आधी हार मानतो.
परतले तर फाटकाशी इवाओ.
हल्ली विसरतो तो, तुला माहीत असेल.
म्हणाला, "तोकुजी वर गेलाय वाटतं आज.
पुलापर्यंत पावलं दिसली त्याची.
पण फार जवळजवळ टाकतोय.
पाय दुखतायत का त्याचे?"

मी टोपली खाली ठेवली.
म्हटलं, हो, जरा दुखतायत.
पण कळ्या आणल्यात, ओंजळभर घेऊन जा,
मिसोत वाटायला सांग सुनेला.
त्याने एक तोंडात टाकली, कच्चीच.
तोंड वाकडं केलं.
"कडू आहे."
मग बराच वेळ चघळत राहिला.
"असायलाच हवी," म्हणाला.

चल, उठ. हातमोजे विसरलीस.
साडेआठ झाले, बर्फ पेलतोय तोवर वर पोचू.
माझ्या मागून ये,
आणि पाय माझ्याच पावलांत टाक.
तुझा बुटासकट मावेल,
जागा पुष्कळ आहे त्यांत.

थांब.
ती घंटा वाजते का बघ आधी.