छाट

अर्ध्या तासाला साठ विड्या होतात माझ्या,
जाहिराती लांबल्या तर जरा जास्त.
चार वर्षं, बाराशे भाग,
म्हणजे बहात्तर हजार विड्या वळल्या मी
त्या शर्वरीच्या नादात.

काल शेवटचा भाग.
निलव्वा भाकरी लवकर थापून आली.
मराठी ती या मालिकेतच शिकली,
रडायचं तेवढं आधीपासून येत होतं.
हसीनाबीनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं.
सूप खाली ठेवलं तिनं!
बाळंतपणाच्या आदल्या राती सुटलं नव्हतं ते.

आणि दाखवलं काय?
शर्वरी तुरुंगातनं सुटली.
सासू पाया पडली, चप्पल काढावी इतकी सहज.
दिराला दोन वाक्यांत पश्चात्ताप.
सगळ्यांनी नव्या साड्या नेसून फोटो काढला
आणि खालून नावं पळायला लागली.

मग ते मुकं पोरगं?
दोनशे चौदाव्या भागात पत्र घेऊन एस्टीत बसलेलं,
खिडकीला नाक चिकटवून,
ते कुठं उतरलं?
स्टँडवर कोण गेलं होतं का घ्यायला?

"मुगीतु?" निलव्वा म्हणाली.
संपलं?
हसीनाबी म्हणाली, उद्या असंल की अजून.
पडद्यावर साबण आला.

आमच्या निपाणीत कशाचा शेवट
एवढ्यात झालाय?
सासरे सीमेच्या मोर्चात गेले तेव्हा मिसरूड फुटत होतं.
अजून पेपरात आधी कोर्टाची तारीख शोधतात,
चष्म्याची काडी बांधलेली
माझ्याच विडीच्या दोऱ्यानं.
बावीस मिनिटांत सगळं जुळवून
कुणी त्यांच्या हातात दिलं असतं,
तर म्हणाले असते, बाळ, मधली पानं कुठं गेली?

कारखान्यात चेकर कोगनोळे जुडी हातात घेतो,
अंगठ्यानं एकेक तोंड दाबून बघतो.
पान कितीबी कवळं असू दे,
तंबाखू कसलीबी असू दे,
तोंड नीट मिटलं नसलं, की छाट.
आमचे पैसे कापतो मेला.
शर्वरीवाल्यांचे कोण कापतंय?

आज साडेसातला तिघी बसलो.
टीव्ही बंद.
कात्रीनं पान कापता कापता निलव्वा म्हणाली,
ते पोरगं संकेश्वरला उतरलं असणार बघ.
चहावाल्यानं पत्र उघडलं,
पण त्याला वाचता येईना.
"कशात लिवलं होतं?" मी विचारलं.
निलव्वा थांबली.
"ते अजून ठरवलं नाही गं."
"मग त्यानं कुणाला तरी हाक मारली," हसीनाबी म्हणाली,
सूप मांडीवर ओढत.

साठ विड्या झाल्या.
पोरगं बाकड्यावरच बसलेलं,
बशीतला चहा फुंकत.