दहा हजार फुटांवरचा कार्ब्युरेटर

लेडव्हिलमध्ये पाणी नव्वदालाच उकळतं, डेल.
घेवडा तीन तास रटरटला
तरी दाताखाली कचकचतो.
गॅल्व्हेस्टनहून तू धाडलेली वेफर्सची पाकिटं
इथे येईपर्यंत उशा झालेली,
एक तर पोस्टाच्या खिडकीतच फुटलं.
मिसेस ओडेगार्ड म्हणाली,
"समुद्राची हवा गं ती, कोंडलेली. जाऊ दे तिला."

गॅरेजात अजून येतात कार्ब्युरेटरवाले जुने ट्रक.
सपाटीवर गुणी असतात,
खिंड चढताना काळा धूर ओकायला लागतात.
दोष पेट्रोलचा नसतो, चालवणाऱ्याचाही नाही.
जेटचं भोक समुद्रकाठच्या मापाचं,
पेट्रोल तेवढंच येतं
आणि जाळायला हवा पुरत नाही.
मी बारीक जेट बसवते,
चावी फिरवते, कान देते.
बरं वाटलं की इंजिन लगेच सांगतं.

आपलं तसं नाही.

इथल्या पहिल्या ऑक्टोबरात मी सात रात्री जागी होते.
सगळे नट मापाने लावले, मग वजनाने,
मग जमिनीवर पडल्यावरच्या आवाजाने.
पहाटे तीनला तुला उठवून सांगितलं,
डोंगर कुठल्या सुरात आहे ते मला कळलंय.
तू म्हणालास, "ऑर्डिथ, जेवलीस का?"
जानेवारीत
एक मोजा हातात धरून पलंगाच्या कडेला बसले,
दुपार झाली.
दुसरा मोजा पायापाशीच होता.

मग सात तास गाडी हाणत सॉल्ट लेक सिटी.
डोक्याला प्लास्टिकचा पिंजरा, कानांत बोळे,
आणि भोवती कुणीतरी पत्र्यावर घण घालतंय.
नंतर त्या पोराने पडदा दाखवला,
फॉस्फरसची वेडीवाकडी रेघ.
"हे उंच टोक राखीव टाकीचं," तो म्हणाला,
"ही तीन, पेशी रोज खर्चते त्या इंधनाची."
उंचावर राहिल्याने टाकी उणी पडत असेल, कदाचित.
बायपोलर असलेल्यांची आधीच काटकसरीने चालत असेल, कदाचित.
दोन्ही एकत्र आलं तर, कदाचित.
तासाभरात अकरा कदाचित मोजले मी.
गॅरेजात इतके वापरले
तर गिऱ्हाईक पाना फेकून मारेल.
पण त्या अकरांमुळेच
पोरावर विश्वास बसला.

माझं टोक बुटकं होतं का, विचारलं.
तो म्हणाला, एकट्या टोकाला काही अर्थ नसतो,
शंभर डोकी शेजारी ठेवावी लागतात.
शंभर डोकी!
नव्याण्णव जणी असतील तर कुठे आहेत त्या?
कुणाकडे तरी घेवडा शिजत असेल.

तू म्हणतोस, खाली ये,
इथे हवा दाट आणि फुकट.
आणि आई, डेल?
जन्मभर समुद्रापासून आठ फूट उंचीवर राहिली ती.
तरी एका रात्रीत खिडक्या निळ्या रंगवल्या,
काचांसकट.
आपण महिनाभर निळ्या उजेडात शाळेचा अभ्यास केला.
ते कुठल्या उंचीच्या खात्यावर मांडू?

लिथियम चालू आहे. पाणी मोजून पिते,
इथे घसा फार लवकर सुकतो.
झोपेची वेळ भिंतीवर लिहिते,
डॉक्टर तेनोरियो वाचते, मान डोलवते,
तीही जास्त बोलत नाही.
मार्चमध्ये येते, तीन आठवडे.
राहायला नाही. तेच इंजिन
दुसऱ्या हवेत कसं वाजतं, ते ऐकायला.
तूही ऐक. तुझे कान माझ्याहून बरे.

तोवर ही एक बाटली पाठवतेय,
पाण्याची, रिकामी,
खिंडीच्या माथ्यावर झाकण घट्ट लावलेली.
तुझ्या दारात पोचेल तेव्हा
कुणी मुठीत आवळल्यासारखी चेपलेली असेल.
रस्त्यात कुणी हात लावलेला नसेल तिला.
झाकण उघडू नकोस.
मी येईपर्यंत खिडकीत असू दे,
निळा रंग अजून खरवडायचा राहिलाय
त्या खिडकीत.